स्टँडबाय आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस

अगं, स्टँडबाय सर्व्हर सुरू झाला, आता बॅकअपची काळजी मिटली, असं तू कळवलंस आणि मी लगेच हे लिहायला घेतलं. आधी कौतुक करते. बीडमधल्या पतसंस्थेत चेअरमन साहेबांना दुसऱ्या सर्व्हरचा खर्च पटवून देणं सोपं नसतं. संचालक मंडळाला नवी शाखा दिसते, नवं काउंटर दिसतं; आतल्या खोलीत घरघरणारं मशिन कुणाला दिसत नाही. तरी तू ते पटवलंस, स्वतः रेप्लिकेशन लावलंस, आणि ते चालतंय. पण बाई, काळजी मिटलेली नाही. स्टँडबाय वेगळा आणि बॅकअप वेगळा. हा फरक तुझ्या डोक्यात पक्का बसेपर्यंत मला चैन पडणार नाही.

तू केजकडची, उसतोडीचं तुला मी काय सांगू. मुकादमाच्या वहीत प्रत्येक कोयत्याची उचल लिहिलेली असते. समज, टोळीतल्या एका शिकलेल्या पोरीने मुकादमाशेजारी बसून ती वही आपल्या वहीत उतरवायला घेतली. त्याने ओळ लिहिली की हिची ओळ, त्याने खोडली की हिनेही खोडली. मुकादमाची वही पाण्यात पडली तर पोरीची वही उपयोगी पडते, यात शंका नाही. पण मुकादमाने चुकून पन्नास हजाराचे पाच लाख केले, तर हिच्याही वहीत पाच लाखच होतात. तेव्हा कामाला येतं ते दसऱ्याला झेरॉक्स काढून ट्रंकेत ठेवलेलं पान. पोरीची वही हा तुझा स्टँडबाय आणि ट्रंकेतलं पान हा तुझा बॅकअप.

तुझ्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये नेमकं हेच घडतं. प्रायमरी, म्हणजे मुख्य सर्व्हर, प्रत्येक बदल आधी आपल्या नोंदवहीत, म्हणजे वॉलमध्ये लिहितो, आणि ती नोंद लगेच स्टँडबायकडे रवाना होते. स्टँडबाय ती वाचतो आणि आपल्याकडे तसाच बदल करतो. ही सोय २०१० साली पोस्टग्रेस ९.० मध्ये आली, आणि स्टँडबायवर वाचनाच्या क्वेरी चालवता येऊ लागल्या त्याही तेव्हाच. पण स्टँडबायला चूक-बरोबर कळत नाही. कुणी अट न घालता डिलीट चालवलं, तर तू खुर्चीवरून उठेपर्यंत दोन्हीकडच्या खात्यांच्या ओळी गेलेल्या असतात. मुद्दाम काही तास मागे चालणारा स्टँडबायही ठेवता येतो, ९.४ पासून ती सोय आहे. पण तुझ्याकडे एकच स्टँडबाय आहे आणि प्रायमरी बसला तर त्याला ताबडतोब गादीवर बसवायचंय, म्हणून त्याला मागे ठेवणं तुला परवडणार नाही.

आता तू विचारशील, मग बॅकअप स्टँडबायवरून घ्यायचा की नाही? घ्यायचा. जरूर घ्यायचा. तुझ्याकडे संध्याकाळी पिग्मी एजंट येतात, दिवसभराचं कलेक्शन चढतं, मग डे-एंड चालतं, तिमाहीला व्याजाची आकारणी, ३१ मार्चला तर विचारूच नको. अशा वेळी प्रायमरीच्या डिस्कवर बॅकअपचं ओझं टाकलं की काउंटरवरची कॅशियर कपाळाला हात लावून बसते, आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजर साहेब तुला म्हणतात, "ते तुमचं बॅकअप बंद ठेवा बरं आज." माझ्या मते बॅकअप बंद पडण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. डिस्क खराब होऊन बॅकअप थांबतो त्यापेक्षा कितीतरी वेळा तो कुणाला तरी अडचण होते म्हणून थांबवला जातो, आणि पुन्हा सुरू करायचं राहून जातं. स्टँडबायवरून घेतलास तर कुणाची अडचण नाही, कुणी बंद करायला सांगणार नाही. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी स्टँडबायच्या बाजूने आहे.

पण तिथे काही खाचखळगे आहेत, ते आधी ऐक.

पीजी डंप, म्हणजे डेटा वाचून फाइलीत उतरवणारा प्रोग्रॅम, स्टँडबायवर लावलास की एखाद्या रात्री तो मध्येच मरेल आणि लॉगमध्ये दिसेल, 'कॅन्सलिंग स्टेटमेंट ड्यू टू कॉन्फ्लिक्ट विथ रिकव्हरी'. घाबरू नकोस, काही बिघडलेलं नसतं. डंप सुरू झाला त्या क्षणाचं चित्र त्याला शेवटपर्यंत हवं असतं. तिकडे प्रायमरीवर व्हॅक्यूम जुन्या, कुणाला नको असलेल्या ओळी झाडून टाकतो, आणि ती झाडलोट वॉलमधून स्टँडबायवरही येते. ज्या ओळी डंपला अजून वाचायच्या आहेत त्याच पुसायचा हुकूम आला, की स्टँडबायपुढे दोनच वाटा: बदल लावायचं थांबवायचं किंवा डंप तोडायचा. मुळात दिलेली मुदत ३० सेकंदांची आहे. तेवढा वेळ तो थांबतो आणि मग डंप तोडतो. त्याचं पहिलं काम प्रायमरीच्या बरोबरीने राहणं हे आहे, तुझा डंप त्याला दुय्यम.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, 'हॉट स्टँडबाय फीडबॅक' चालू करायचं. मग स्टँडबाय प्रायमरीला कळवतो की या ओळी मला अजून लागतायत, झाडू नकोस. पण त्यामुळे प्रायमरीवर कचरा साठत राहतो. म्हणजे ज्याचं ओझं कमी करायला निघालो त्याच्याच डोक्यावर दुसरं ओझं. शिवाय कुणी त्याच वेळी टेबलाची रचना बदलली किंवा ट्रंकेट केलं, तर या उपायाने डंप वाचत नाही. दुसरा, बॅकअपपुरतं रिप्ले, म्हणजे आलेले बदल लावणं, थांबवायचं आणि झालं की पुन्हा सुरू करायचं. त्याचं फंक्शन आहे, पण जुन्या लेखांतून स्क्रिप्ट उचलू नकोस. २०१७ च्या आवृत्ती १० पासून 'एक्सलॉग' नावाची सगळी फंक्शनं 'वॉल' झाली, जुनं नाव चालत नाही. या उपायाची मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. स्क्रिप्ट मध्येच मेली तर रिप्ले थांबलेलंच राहतं. वॉल येऊन साठत राहतो, डिस्क भरत जाते, सर्व्हरचा दिवा हिरवाच असतो, आणि स्टँडबाय परवाच्या दिवशी अडकून पडलेला असतो.

म्हणून तुझ्यासाठी मी तिसरा उपाय सांगते. ३० सेकंदांची ती मुदत वाढव. तुझा डंप वीस-पंचवीस मिनिटांत होतो, तर मुदत एक तास ठेव. टक्कर झाली तरच रिप्ले थांबेल, आणि डंप संपला की आपोआप पुढे चालू लागेल. कुणाला काही आठवून सुरू करायला नको. एवढं मात्र कर, दिवसा स्टँडबायवर कुणी लांबलचक रिपोर्ट काढत असेल तर त्याला सांगून ठेव, कारण ही मुदत त्याच्याही क्वेरीला लागू होते आणि त्याच्यामुळेही स्टँडबाय मागे पडतो.

स्टँडबाय मागे पडलाय का, हे कसं ओळखशील? बरेच जण शेवटचा बदल किती वाजता लागला एवढंच बघतात. रविवारी पतसंस्था बंद. व्यवहारच नाही, तर शेवटचा बदल शनिवार रात्रीचा दिसणार. त्यावरून मागे पडलाय म्हणावं की नाही? काही जण आलेला वॉल आणि लावलेला वॉल यांची तुलना करतात. पण जोडणीच तुटलेली असेल तर नवा वॉल येणारच नाही, आणि आलेलं सगळं लावलंय असं दिसून तू निश्चिंत होशील. रस्त्याच्या कामात फायबर तुटणं ही बीडमध्ये काही नवलाची गोष्ट नाही. म्हणून एक छोटं टेबल कर. दर मिनिटाला प्रायमरीवर त्यात चालू वेळ लिहायची. बॅकअपच्या स्क्रिप्टने सुरू होण्याआधी स्टँडबायवर ती वेळ वाचायची. पाच मिनिटांपेक्षा जुनी असली तर बॅकअप तसाच घ्यायचा नाही, आधी तुला मेसेज. शिळ्या स्टँडबायवरून घेतलेला बॅकअप नावाने आजचा आणि मजकुराने गेल्या आठवड्याचा असतो, आणि हे कळतं ते नेमकं गरज पडते त्या दिवशी.

स्क्रिप्टने सर्व्हरला आणखी एक गोष्ट विचारली पाहिजे: तू अजून स्टँडबायच आहेस ना? पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी 'पीजी इज इन रिकव्हरी' आहे, हो-नाही उत्तर देतं. प्रायमरी बसला, स्टँडबाय गादीवर आला, धावपळीत सगळे विसरले, आणि रात्री एकला तुझा बॅकअप चालू व्यवहाराच्या सर्व्हरवर जाऊन आदळला, असं व्हायला नको.

आता डंपमध्ये काय येत नाही ते ऐक, कारण रिस्टोअर करताना पोरी इथेच रडकुंडीला येतात. पीजी डंप एका डेटाबेसचा असतो. युजर, त्यांचे पासवर्ड, भूमिका या पूर्ण क्लस्टरच्या गोष्टी, त्या त्यात नसतात. त्या पीजी डंपऑलला फक्त 'ग्लोबल्स' मागून वेगळ्या घ्याव्या लागतात. नाही घेतल्यास तर डेटा येतो आणि लॉगिन कुणाचंच होत नाही. दुसरं, सॉफ्टवेअरवाल्यांनी वेग वाढावा म्हणून काही टेबलं 'अनलॉग्ड' केली आहेत का ते बघ. त्यांचे बदल वॉलमध्ये जातच नाहीत, त्यामुळे स्टँडबायवर ती टेबलं रिकामी, आणि स्टँडबायवरून घेतलेल्या डंपमध्येही रिकामी. एजंटाच्या मशिनवरून आलेलं कलेक्शन आधी अशाच एखाद्या तात्पुरत्या टेबलात उतरत असेल तर? सॉफ्टवेअर कंपनीला हे स्पष्ट विचार आणि उत्तर ईमेलवर घे.

रात्री एकचा डंप तुला रात्री एकपर्यंतच नेतो हेही लक्षात ठेव. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला घोळ झाला तर दिवसभराची किर्द हाताने पुन्हा भरावी लागणार. काउंटरचे व्हाउचर सापडतील, पिग्मीच्या पावत्या मात्र बीडभर, गेवराई-माजलगावपर्यंत गोळा करत फिरावं लागेल. म्हणून डंपच्या जोडीला आठवड्यातून एकदा पीजी बेसबॅकअप, म्हणजे डेटा फाइलींची जशीच्या तशी प्रत, घे, आणि प्रायमरीवरून वॉलच्या फाइली सतत दुसरीकडे साठवत जा. मग तुला पाचला घोळ होण्याच्या मिनिटभर आधीच्या क्षणी परत जाता येतं. बेसबॅकअप स्टँडबायवरून घेण्याची सोय ९.२ पासून आहे. दोन अटी सांभाळ: प्रायमरीवर 'फुल पेज राइट्स' चालू हवं, आणि बॅकअप चालू असताना स्टँडबायला प्रायमरी केलं तर तो बॅकअप बाद समज. हे सगळं हाताने स्क्रिप्ट लिहून करू नकोस. बारमन आहे, पीजीबॅकरेस्ट आहे. पीजीबॅकरेस्टमध्ये तर फाइली स्टँडबायवरून उचलायचा पर्यायच आहे. लोकांनी वर्षानुवर्षं ठेचा खाऊन लिहिलेली साधनं आहेत ती.

आणि कधीतरी, महिन्यातून एकदा रविवारी, एक डंप मुद्दाम प्रायमरीवरून घे. का ते सांगते. डंप घेताना प्रत्येक टेबलातली प्रत्येक ओळ वाचली जाते, त्यामुळे डिस्कवरचं एखादं पान सडलं असेल तर बहुतेक वेळा तिथे अडखळून कळतं. नेहमी स्टँडबायवरूनच घेतलंस तर तपासली जाते स्टँडबायची डिस्क. प्रायमरीच्या डिस्कवर जुन्या, कुणी न उघडलेल्या खात्यांच्या ओळी सडत असतील तर त्या कुणी वाचलेल्याच नसतात. चेकसम चालू आहे का तेही बघ. पोस्टग्रेस १८ मध्ये नवीन क्लस्टरला ते आपोआप चालू असतं, आधीच्या आवृत्त्यांत सांगावं लागायचं.

हे सगळं मी इतकं खोदून का सांगतेय, तर एक खरी गोष्ट आहे, आपल्या कामातल्या प्रत्येक मुलीने ती वाचायला हवी. गिटलॅब नावाची कंपनी, जगभरचे प्रोग्रामर तिथे आपलं काम ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या डेटाबेसवर अचानक ताण आला आणि स्टँडबाय इतका मागे पडला की त्याचं रेप्लिकेशनच बंद झालं. त्यांचा एक इंजिनिअर, दिवसभराचं काम संपवून उठायच्या बेतात असलेला, स्टँडबाय नव्याने भरायला बसला. त्यासाठी स्टँडबायचं डेटा फोल्डर रिकामं करायचं होतं. त्याने पुसायची कमांड दिली आणि एक-दोन सेकंदांत लक्षात आलं की आपण प्रायमरीवर आहोत. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते.

मग बॅकअप शोधायला गेले. रोजचा डंप दूर क्लाउडमध्ये जात असल्याचं सगळ्यांना वाटत होतं. जागा रिकामी होती. सर्व्हर पोस्टग्रेस ९.६ चा आणि डंप घेणारा प्रोग्रॅम ९.२ चा, त्यामुळे डंप रोज अपयशी होत होता. अपयशाचे ईमेल पाठवले जात होते, पण ते मेल सर्व्हरनेच नाकारले होते. स्टँडबाय तर त्या रात्री स्वतःच पुसलेला. शेवटी वाचवलं ते एका योगायोगाने. चाचणीच्या कामासाठी कुणीतरी सहा तास आधी हाताने एक स्नॅपशॉट घेतला होता, त्यावरून सगळं उभं केलं. साइट अठरा तास बंद, सुमारे पाच हजार प्रोजेक्ट, पाच हजार कॉमेंट आणि सातशे नवी खाती कायमची गेली. मला या गोष्टीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं. कंपनीने काही झाकलं नाही. काय चुकलं ते तासातासाने सगळ्यांसमोर लिहिलं, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, आणि त्या इंजिनिअरला बळी दिलं नाही. दोष व्यवस्थेचा आहे असं म्हणून व्यवस्था सुधारली.

आपल्याकडे असं होईलच याची खात्री मी तुला देऊ शकत नाही गं. लहान गावात, लहान संस्थेत, सर्व्हरच्या खोलीत तू एकटी असतेस. काही झालं की "त्या मॅडमनी काहीतरी केलं" एवढंच वाक्य बाहेर जातं. म्हणून तुला स्वतःला सांभाळायला शिकायचंय. प्रायमरीचं टर्मिनल लाल आणि स्टँडबायचं हिरवं कर, आजच कर. प्रॉम्प्टवर सर्व्हरचं नाव मोठं दिसू दे. रात्री दहानंतर प्रायमरीवर पुसण्याची एकही कमांड द्यायची नाही, आणि द्यावीच लागली तर आधी मला फोन कर. मी झोपलेली असले तरी उठेन. फोनवरून कुणीही, अगदी चेअरमन साहेबांनीसुद्धा, "ती एन्ट्री तेवढी मागून दुरुस्त करा" म्हटलं तर नम्रपणे म्हण, "साहेब, एक ओळ मेल करा, लगेच करते." तोंडी सांगितलेलं गरजेच्या दिवशी कुणालाही आठवत नाही.

आता रिस्टोअर. बॅकअप चालला की नाही हे त्याच्या लॉगवरून ठरवू नकोस. महिन्याच्या एका ठरलेल्या शनिवारी, जुन्या पीसीवर का होईना, बॅकअप उघडून पूर्ण रिस्टोअर कर. मग तेरीज काढ. त्या दिवशीच्या डे-एंडची छापील तेरीज तुझ्याकडे असतेच. ठेवी, कर्ज, भाग भांडवल, रोख शिल्लक, प्रत्येक रक्कम पैशापर्यंत जुळली तर बॅकअप खरा. आपल्या धंद्यात हे सुख आहे, हिशेब स्वतःच साक्ष देतो. दुसऱ्या क्षेत्रातल्या मुलींना ताळा करायला इतकं नेमकं काही मिळत नाही. किती वेळ लागला तेही लिहून ठेव. प्रत्यक्ष संकटात मॅनेजर साहेब पहिला प्रश्न तोच विचारणार, "किती वेळ लागेल?" तेव्हा तुझ्याकडे अंदाज नको, मोजलेला आकडा हवा. आणि जुळल्याची दोन ओळींची नोंद मॅनेजर साहेबांची सही घेऊन फाइलला लाव. वैधानिक लेखापरीक्षक येतात तेव्हा ती फाइल त्यांच्यापुढे ठेवायची. तुझं काम दिसण्याचा तोच एक मार्ग आहे, आणि तुझं काम दिसलं पाहिजे.

तालीम स्टँडबायला गादीवर बसवण्याचीही कर. मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजार २४ फेब्रुवारी २०२१ ला सकाळी ११.४० ला ठप्प झाला. त्यांचं पर्यायी केंद्र चेन्नईला उभं होतं, पण कामकाज तिकडे हलवलं गेलं नाही आणि बाजार पुन्हा सुरू व्हायला दुपारचे पावणेचार वाजले. एवढ्या मोठ्या संस्थेत हे होतं. पर्याय उभा करणं आणि वेळेला तो वापरणं यात फार मोठं अंतर असतं, ते सरावानेच कमी होतं.

प्रती कुठे ठेवायच्या याचं उत्तर तर आपल्या जिल्ह्यानेच दिलंय. तुझे दोन्ही सर्व्हर एकाच खोलीत, एकाच यूपीएसवर आहेत. बिंदुसरा नदीला १९८९ साली आलेला पूर बीडची जुनी माणसं अजून सांगतात. ३० ऑक्टोबर २०२३ ला माजलगावच्या नगरपरिषदेच्या इमारतीला आग लावली गेली ती तर तुझ्या-माझ्या डोळ्यांसमोरची गोष्ट. राजकारण बाजूला ठेव. कागदपत्रं एकाच इमारतीत असणं म्हणजे काय, एवढंच त्यातून बघ. एक प्रत अंबाजोगाईच्या शाखेत ठेव, एक क्लाउडमध्ये.

त्याच वर्षी निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांची दप्तरं तर चाळलीच, हैदराबादलाही जाऊन नोंदी शोधाव्या लागल्या. आपल्या गावचा पुरावा दुसऱ्या राज्याच्या राजधानीत जपलेला. पण ज्या नोंदी सापडल्या त्या उर्दूत आणि मोडीत, त्या वाचणारी माणसं शोधायची वेळ आली. मला त्या बातम्या वाचताना तुझं काम आठवायचं. बेसबॅकअप फक्त पोस्टग्रेसच्या त्याच मुख्य आवृत्तीवर उघडतो. दहा वर्षांनी ती आवृत्ती चालवणारं मशिन मिळेल का सांगता येत नाही. डंप मात्र पुढच्या आवृत्तीत चढवता येतो, साध्या स्वरूपात घेतलास तर डोळ्यांनी वाचताही येतो. म्हणून दर ३१ मार्चचा एक डंप कायमचा जपून ठेव, आणि सोबत कागदावर लिही की हा कशाने घेतला आणि कसा उघडायचा.

प्रत नेण्याची दिशाही नीट ठरव. बॅकअप साठवणाऱ्या मशिनने येऊन प्रत न्यावी. प्रायमरीला किंवा स्टँडबायला तिथलं पुसायचा अधिकारच नको. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टीबी डेटा कुलूपबंद झाला, आणि दोनेक आठवडे केसपेपर हाताने लिहून काम चाललं. ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला तो हल्ल्याची झळ न पोचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून, असं सरकारने संसदेत सांगितलं. स्टँडबाय प्रायमरीला सतत जोडलेला असतो, एकाच पासवर्डने दोन्हीकडे शिरता येत असेल तर हल्लेखोराला दोन्ही एकच. तुझा तिसऱ्या जागी ठेवलेला बॅकअप त्याच्या हाताला लागता कामा नये.

बॅकअपच्या त्या फाइलीत आहे काय, हेही विसरू नकोस. आधार क्रमांक, पॅन, उसतोडीहून परतलेल्या बायकांनी नवऱ्याला न सांगता टाकलेल्या ठेवी. पेनड्राइव्हवर उघडा बॅकअप घेऊन बसस्टँडवर फिरायचं नाही. बॅकअप एन्क्रिप्ट करूनच बाहेर जाऊ दे. आणि त्याची किल्ली फक्त तुझ्या डोक्यात ठेवू नकोस. बंद पाकिटात, सही करून, एक प्रत मॅनेजर साहेबांच्या तिजोरीत आणि एक अंबाजोगाईच्या शाखाधिकाऱ्यांकडे.

शेवटचं काम जरा अवघड आहे, पण ते करच. काउंटरवरच्या त्या नव्या मुलीला, जी तुला सारखी प्रश्न विचारते म्हणालीस, तिला पुढच्या शनिवारी रिस्टोअरला शेजारी बसव. पहिल्यांदा तू कर, तिने बघावं. पुढच्या महिन्यात तिला करू दे आणि तू कीबोर्डला हात लावू नकोस. तुझ्या लिहिलेल्या सूचनांत जिथे ती अडेल तिथे सूचना अपुरी आहे असं समजून ती ओळ दुरुस्त कर. हे जमलं की तू हक्काने रजा मागू शकतेस, आजारी पडू शकतेस, उद्या चांगली नोकरी मिळाली तर निघून जाऊ शकतेस. "माझ्याशिवाय चालत नाही" या गोष्टीत सुरुवातीला फार बरं वाटतं, पण त्याच एका गोष्टीपायी मी हुशार पोरींना एकाच खुर्चीला वर्षानुवर्षं बांधलेलं पाहिलंय.

शनिवारी डे-एंड झाल्यावर सुरू कर, म्हणजे रविवार हाताशी राहतो. आधी ग्लोबल्स चढव, मग डंप. तेरीज जुळली नाही तर काही पुसू नकोस, आहे तसं ठेव आणि मला दोन्ही आकड्यांचा फोटो पाठव. बहुधा फरक कलेक्शनच्या त्या तात्पुरत्या, अनलॉग्ड टेबलातच निघेल.